सकाळचा पैरा

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही, आणि तासगावच्या अंगाच्या सगळ्या द्राक्षबागांच्या छाटण्या मागं पडल्या. एरवी एकाची बाग आज, दुसऱ्याची आठ दिवसांनी, अशी कामं सवडीनं येतात. यंदा सगळ्यांचे घड एकदमच विरळणीला आले. घडातले जादा मणी कात्रीनं काढून टाकायचं ते काम बायकांच्या हातचं, आणि गावात बायका होत्या तेवढ्याच. मग बागायतदारांनी दिवस लांबवला. नऊला निघणारा बायकांचा टेंपो सातला निघायला लागला.

टेंपो नाथाजीचा. सतरा वर्षं सैन्यात काढून आला आणि त्यानं तो घेतला. त्याची बायको क्रांती ही गावच्या अंगणवाडीची सेविका. एकोणीस वर्षं तिनं गावची पोरं अंगाखांद्यावर खेळवली होती. आता टेंपोत बसणाऱ्या बायकांपैकी दोघी-तिघी तर तिच्याच हाताखाली "एक होती चिमणी" म्हणून गेलेल्या. पण अंगणवाडी उघडायची दहाला. एरवी सकाळचा तासभर आणि दुपारनंतरचा वेळ घरची थोरली पोरं नाहीतर शेजारीण सांभाळायची. सात ते दहा पोरं ठेवायची कुठं, हा प्रश्न गावातल्या पंधरा घरांना एकाच आठवड्यात पडला.

तो सुटला तो असा. शिवांजली म्हणून आटपाडीकडची एक सून होती. घरात सासू नाही, नवरा पुण्याला गाडीवर. ती सकाळी चौकात पोराला कडेवर घेऊन उभी, पोरगं पदर सोडेना, नाथाजी हॉर्न वाजवतोय, आणि टेंपोतल्या बायका "ये की गं, ये की गं" करतायत. अंगणवाडीच्या समोरच चांदसाहेब शिंप्याचं घर. त्याची बायको सुगराबी सोप्यात भांडी घासत बसली होती. ती तिथूनच ओरडली, "टाक गं हिकडं त्याला! मी काय खाती काय?"

शिवांजलीनं पोरगं सोप्यात ठेवलं आणि पळत टेंपो गाठला. दुसऱ्या दिवशी चार पोरं आली. पुढच्या सोमवारी अकरा.

बायकांनी विचारलं, "चाची, रोजचं काय द्यायचं?"

"पैसं दिल्यावर मी मोलकरीण झाले की गं तुमची," सुगराबी म्हणाली. "पैरा करू."

पैरा म्हणजे गड्यांची गोष्ट. पेरणीला माझे बैल तुझ्या रानात, तुझे माझ्या रानात. बायकांनी तो सोप्यात आणला. संध्याकाळी बागेतून आल्यावर एक जण सुगराबीचं पाणी भरायची, दुसरी जोंधळा निवडून द्यायची, तिसरी अंगण सारवायची. रंगूबाई ही अंगणवाडीची मदतनीस, खिचडी शिजवणारी. तिची सून टेंपोत, नात सोप्यात, म्हणून तीसुद्धा येताजाता सुगराबीचे गुडघे तेल लावून चोळून द्यायची.

क्रांती हे सगळं पावणेदहाला कुलूप काढताना बघायची. समोरच्या सोप्यात पोरं गोल बसलेली. मधे चांदसाहेबाच्या मशीनखालच्या चिंध्यांचा ढीग. पोरं लाल एकीकडं, हिरव्या एकीकडं, फुलाफुलांच्या तिसरीकडं असं करत होती, कारण चांदसाहेबाला त्या वाकळंसाठी लागायच्या. कुणी चुकलं की म्हातारा मशीन थांबवून म्हणायचा, "आरं, ह्यो कसला लाल? ह्यो तर तांबूस हाय. नीट बघ, साहेब." आणि चार वर्षांचा साहेब खरोखर नीट बघायचा.

क्रांतीच्या खोलीत रंगांचा तक्ता होता. दरवर्षी ती छडीनं एकेक रंग दाखवायची आणि पोरं ओरडायची. आता दहा वाजता ती पोरं समोरून यायची ती मागं वळून बघत यायची. एकदा तर रंगूबाईची नात उंबऱ्यातच बसून राहिली. "मला चिंद्या पायजेत," म्हणाली.

"हितं चिंध्या न्हाईत," क्रांती म्हणाली. "हितं शाळा हाय."

घरी नाथाजीला वेगळाच आनंद. "एकदम डिसिप्लिन," तो जेवताना म्हणायचा. "सात म्हंजे सात. एक बाई रडत न्हाई, एक पोरगं रडत न्हाई. त्या चाचीला मेडल द्यायला पायजे."

"मला दिलं का कुणी?"

"तुला सरकार देतंय की," नाथाजी म्हणाला आणि भाकरी मोडली.

त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य क्रांतीच्या मनातून जाईना. खरंच होतं ते. सरकार देत होतं, म्हणून गाव देत नव्हतं. पोलिओच्या डोसाला ती उन्हातान्हात वस्त्या फिरली. महापुराच्या वर्षी नदीकाठच्या गावांतून आलेल्या पोरांना तिनं शाळेत पंधरा दिवस सांभाळलं. कुणी तिचं पाणी भरलं नाही, कुणी तिचे गुडघे चोळले नाहीत. तिचे गुडघे दुखत नव्हते का? पैऱ्यात तिला जागाच नव्हती. तिचं कुणावर काही निघत नव्हतं, आणि सुगराबीचं आख्ख्या गावावर निघत होतं.

मग शिवतेजचं झालं.

शिवतेज म्हणजे शिवांजलीचा तोच पोरगा. चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. ऐकायचा सगळं. ताट म्हटलं की ताट आणायचा, पण तोंडातून शब्द नाही. चौदा महिने क्रांतीनं त्याच्याशी खटपट केली होती. त्याला मांडीवर घेऊन ओठांचे चंबू करून दाखवले. मिरजेच्या डॉक्टरकडं कान तपासायला ती स्वतः घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कान चांगलेत, बोलेल सवडीनं. तेव्हापासून क्रांतीनं मनाशी धरलं होतं की हे पोरगं बोलेल ते आपल्यापाशी बोलेल.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी शिवांजली अंगणवाडीच्या दारात आली. बागेतून मधूनच आली असावी, हात मण्यांच्या चिकानं काळे झालेले. हातात पेढ्यांचा पुडा.

"बाई, पोरगं बोललं!"

क्रांती उभीच राहिली. "कवा?"

"सकाळी. चाचांच्या मशीनचा दोरा तुटला, तवा हा म्हनला, 'तुटला.' चाचींनी फोन केला मला बागंत. बाई, मी घडातच रडत बसले."

पुडा अर्धा रिकामा होता. म्हणजे समोर आधी वाटून झालं होतं. क्रांतीनं पेढा घेतला. "चांगलं झालं," म्हणाली. "चांगलंच झालं की."

"समदं चाचीमुळं बघा," शिवांजली म्हणाली, आणि मग आठवल्यासारखं, "तुमी बी लय केलंसा."

ती गेल्यावर क्रांतीनं पेढा खिडकीत ठेवून दिला. पोरं खिचडीला बसली होती. तिनं शिवतेजला उठवून आपल्यासमोर बसवलं.

"शिवतेज, म्हण. बाई."

पोरगं बघत राहिलं.

"तिकडं बोलतोस न्हवं? मग हितं काय झालं? म्हण. बा-ई."

तिनं त्याची हनुवटी धरली. आपण जोरात धरली हे तिला कळलं ते नंतर. पोराचे ओठ हलले, बंद झाले. ते रडलं नाही. त्याच्या चड्डीतून ओल पसरली आणि चटईवरून क्रांतीच्या पायापर्यंत आली.

रंगूबाई चुलीपाशी उभी होती. तिनं फडकं आणलं, पोराला बाजूला घेतलं, चड्डी बदलली. चटई पुसताना एवढंच म्हणाली, "पाय उचला, बाई."

एकोणीस वर्षांत हजार पोरांनी तिच्या मांडीवर मुतलं होतं. भीतीनं मुतलेलं हे पहिलं. क्रांतीला ते स्वतःशी म्हणता येईना. त्याऐवजी दुसरंच काहीतरी मनात तयार झालं, आणि दुपारी पोरं गेल्यावर तिनं पर्यवेक्षिका मॅडमना फोन लावला. समोर एका घरात पोरं ठेवतात. तिथं शिवणयंत्र, सुया, कात्र्या. कसलीच परवानगी नाही. उद्या एखाद्याच्या डोळ्यात सुई गेली तर नाव अंगणवाडीचं येणार. बोललेला शब्दन् शब्द खरा होता. खऱ्या शब्दांचं हेच वाईट, ते कशालाही वापरता येतात.

"सोमवारी सकाळीच येते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कुणाला बोलू नका."

सोमवारी धुकं होतं. चौकात टेंपो भरत आला होता. बायका कानाला मफलरी गुंडाळून, हातात जेवणाचे डबे आणि विरळणीच्या कात्र्या घेऊन दाटीनं उभ्या होत्या. मॅडमची स्कूटर सोप्यासमोर थांबली. क्रांती त्यांच्यासाठी म्हणून लवकरच येऊन अंगणवाडीच्या पायरीवर उभी होती.

मॅडम सोप्यात डोकावल्या. अकरा पोरं, चिंध्या, मशीन, आणि त्या सगळ्यांमधे मांडीवर एक तान्हं घेऊन सुगराबी.

"हे कुणाच्या परवानगीनं चाललंय?"

सुगराबी बोलायच्या आत टेंपोच्या फळीवरून कुणीतरी उडी मारली. मग दुसरी, तिसरी. बघता बघता टेंपो रिकामा झाला आणि बायका सोप्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. नाथाजी ओरडत होता, "आरं, टायम झाला!" त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

गावातल्या बायकांना सरकारी माणसाचा आवाज चढला की एकच कळतं, आपल्यातलं कुणीतरी आता सापडणार. आणि सापडणार ती नोकरीवाली, कारण तिलाच गमावण्यासारखं काही असतं. त्यांनी बघितलं, मॅडम तापलेल्या, आणि समोर क्रांतीबाई पायरीवर पांढऱ्याफटक पडलेल्या. पुढचं त्यांचं त्यांनी ठरवलं.

"बाईंच्या परवानगीनं," सुनेला पोचवायला आलेली रंगूबाई म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या?"

"कोण बाई?"

"ह्या काय, क्रांतीबाई. त्यांनीच घालून दिलंय समदं. रोज सकाळी येऊन बघून जात्यात."

"आमच्या पोरांस्नी हितं बसवा म्हनल्या," दुसरी म्हणाली. "चाचींस्नी त्यांनीच सांगितलं."

शिवांजली पुढं आली. तिनं शिवतेजला उचलून कडेवर घेतलं होतं. "म्याडम, माझं पोरगं बोलत नव्हतं. बाईंनी मिरजेला नेलं त्याला. आता बोलतंय. बाईंच्यामुळं."

मॅडमनी सुगराबीकडं बघितलं. सुगराबीनं तान्हं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"बाईंनी सांगितलं म्हनून मी करती," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं? मी आडानी बाई."

आत चांदसाहेबाला एकदम खोकला आला. आपल्या बायकोला कुणी अडाणी म्हटलेलं त्यानं चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मॅडम सावकाश क्रांतीकडं वळल्या. फोन कुणी केला होता हे त्या चौकात दोघींनाच माहीत होतं. त्या डोळ्यांत राग नव्हता. जरा कुतूहल होतं, आणि जराशी वाट करून दिलेली होती.

"असं?" त्या म्हणाल्या. "म्हणजे हे तुम्हीच सुरू केलंत, क्रांतीताई?"

मान हलवली असती तरी भागलं असतं. मॅडमनी भेटीच्या वहीत चार चांगले शब्द लिहिले असते, बायका टेंपोत चढल्या असत्या. गेला महिनाभर क्रांतीला जे हवं होतं, ते गावानं आपणहून तिच्या पदरात टाकलं होतं. सगळ्यांसमोर, सुगराबीच्या तोंडून. आणि ते इतकं जड होतं की तिचे खांदे खाली आले. शिवतेज आईच्या खांद्यावरून तिच्याकडं बघत होता. तिनं नजर वळवल्यावर त्यानं तोंड आईच्या मानेत लपवलं.

"न्हाई," क्रांती म्हणाली. मग मोठ्यानं, "न्हाई मॅडम. हे चाचींचं हाय. मी एक दिवस बी त्यांच्या पायरीवर गेले न्हाई. फोन मी केला तुम्हाला. ह्यांना माहीत नव्हतं, म्हणून ह्या माझी बाजू घेत होत्या."

लांब कुठल्या तरी बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता, तेवढाच आवाज.

रंगूबाईनं आधी हातातला सुनेचा डबा खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

बोलली ती सुगराबी, आणि तिला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. "झालं समाधान?" ती म्हणाली. "खरं बोलून तुमी मोकळ्या झालासा. आता ही पोरं ठेवू कुठं मी? बागंत नेऊ? आवं, तुमच्या नावाखाली चाललं असतं की बिचारं! नाव तुमचं, पोरं आमची. माझं काय जात हुतं?"

ह्या बाईला नावाचं खरंच काही पडलं नव्हतं, हे क्रांतीला पहिल्यांदाच कळलं, आणि त्याचाही तिला हेवाच वाटला.

मॅडमनी सोप्यात एकदा नजर फिरवली. "हे बघा, भांडण मला नको. पण आता मी डोळ्यांनी बघितलंय. सुई-कात्रीच्या घरात पोरं मला चालणार नाहीत. उद्यापासून इथं बंद."

बायकांत कुजबुज उठली. शिवांजली मटकन पायरीवर बसली. विरळणीचे अजून पंधरा-वीस दिवस होते, आणि तेवढ्यावरच तिचा उन्हाळा होता.

"अंगणवाडी सातला उघडली तर?" क्रांतीनं विचारलं.

"त्याचं मानधन मिळणार नाही."

"न मिळू दे."

"आणि दहाच्या आधी काही झालं तर जबाबदारी तुमची. मी वहीत तसं लिहीन."

"लिहा."

"एवढी पोरं एकटीनं आवरतील?"

क्रांतीनं सोप्याकडं बघितलं. "न्हाई आवरायची. चाची आल्या तर आवरतील."

तान्ह्याच्या तोंडातून बोट काढून सुगराबीनं ते पदराला पुसलं. वहीत लिहून झालं, क्रांतीनं सही केली, स्कूटर गेली. बायका टेंपोत चढल्या. एरवी "येतो बाई" म्हणणाऱ्या, आज क्रांतीजवळून पदर सावरून गेल्या.

रात्री जेवताना नाथाजीनं खाली बघूनच भाकरी खाल्ली. उठताना म्हणाला, "दुश्मनाला आपलीच चौकी दाखवलीस तू. पंधरा जणींची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली आज. बागवाल्या लालासाहेबानं सगळ्यांदेखत झाडली त्यांना, माझ्यासकट. एक बी बोलली न्हाई, कशामुळं उशीर झाला ते."

"न्हाई सांगितलं?"

"तुझं नाव कशाला सांगतील?" नाथाजी म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच क्रांतीनं अंगणवाडीचं कुलूप काढलं. झाडून घेतलं, चटया घातल्या, दाराशी उभी राहिली. धुक्यात चौकातला टेंपो नुसता दिव्यांवर ओळखू येत होता. समोरचा सोपा बंद. पावणेसात झाले. बायका येऊ लागल्या, कडेवर, बोटाला धरून पोरं. त्या चौकात थांबल्या. कुणी इकडं पाऊल टाकेना. नाथाजीनं एकदा हॉर्न वाजवला, मग वाजवायचं बंद केलं.

आत जाऊन दार लावून घ्यावं असं क्रांतीला वाटलं. पण ती तिथंच उभी राहिली, कारण सही तिची होती.

मग समोरचं दार उघडलं. सुगराबी बाहेर आली, एका हातात चिंध्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातानं गुडघा दाबत. चौकाकडं बघून ओरडली, "काय गं, पोरं गोठवताय व्हय तिथं? आना हिकडं!"

ती रस्ता ओलांडून आली, क्रांतीला ओलांडून आत गेली, खोलीभर नजर फिरवली.

"खुर्ची कुनाची?"

"माझी."

"भायेर काढा. पोरांच्या पायात येती."

क्रांतीनं खुर्ची बाहेर ठेवली. पोरं आत शिरू लागली. सगळी सुगराबीकडंच जात होती. शिवांजलीनं शिवतेजचा हात सुगराबीच्या हातात दिला आणि क्रांतीकडं न बघता निघाली. पोरगं सुगराबीच्या मागं जाऊन लुगड्याचा काठ धरून उभं राहिलं. रंगूबाई आली, म्हणाली, "चूल पेटवू का आत्ताच? दूध तरी तापवते पोरांस्नी." हे ती कुणाला म्हणाली ते कळलं नाही. क्रांती "व्हय" म्हणाली.

मनातला महिनाभराचा हेवा अजून तिथंच होता. सुगराबीच्या दोन्ही मांड्या, दोन्ही हात, मागचा पदरसुद्धा पोरांनी भरला होता, आणि क्रांती स्वतःच्याच खोलीत दरवानासारखी उभी होती.

शेवटची एक उशिरा आली, धावत. वरच्या वस्तीवरची, क्रांतीला नीट ओळखतही नव्हती. दीड वर्षाची पोरगी कडेवर, टेंपो सुरू झालेला. तिनं आत बघितलं, सुगराबीचे हात भरलेले दिसले. मग तिनं जो रिकामा हात दिसला त्यात पोरगी टाकली.

"धरा," म्हणाली, आणि पळाली.

पोरगीनं क्रांतीचं तोंड बघितलं आणि भोकाड पसरलं. अंग मागं ताणून, मुठी वळून, सगळा जीव गोळा करून ती रडायला लागली. आतून सुगराबीनं मान वर केली, पण हात पुढं केला नाही.

क्रांतीनं पोरगीला छातीशी धरलं आणि चटईवर बसली.

"रड," ती म्हणाली. "रड गं. मी हाय हितंच."